जर्दाळूला पाणी

होसियतनं सात खरबुजं पाठवली तेव्हा इनोयत-ओपा नानसाठी पीठ मळत होती. हात कोपरापर्यंत पिठात, मोबाइल खिडकीच्या फळीवर टेकवलेला, आणि त्यात सात खरबुजं एकावर एक रचलेली. बाजूला शेजारच्या होसियतचा हसरा फोटो. इनोयतचे पिठातले हात थांबले.

"अहो, होसियतनं सात पाठवली."

एर्गाश-अका शेगडीपाशी चहा घेऊन बसले होते. तीस वर्षं फरगाना-मर्गिलान बस चालवून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठंही जायची इच्छा उरली नव्हती. "सात काय?"

"खरबुजं."

"जानेवारीत?"

"गेममधली हो."

"म्हणजे चिरायची नाहीत, खायची नाहीत, ठेवायला जागा लागत नाही. मग तुझं तोंड का उतरलं?"

"मी तिला परवा पाच पाठवली होती. तिनं सात केली. आता मी नऊ तरी नकोत का पाठवायला? आणि माझ्या बागेत आहेत तीन."

एर्गाश-अकांनी बायकोकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मर्गिलानच्या त्या गल्लीत, जिथं वडीलधाऱ्या बाईला 'ओपा' आणि पुरुषाला 'अका' म्हणत, कुणाचा वाडगा कुणाकडून रिकामा परत गेलेला कुणाला आठवत नव्हता. शेजारणीनं सूप धाडलं तर त्याच वाडग्यात मूठभर बेदाणे, खिम्याच्या दोन समसा, काही नाही तर चार अक्रोड घालूनच तो परत जायचा. न गेला तर दोन पिढ्या बोलणी खायची. गेम बनवणारे कुठल्या देशात बसले होते अल्लालाच ठाऊक. त्यांनी आपलं 'भेट पाठवा' असं एक बटण ठेवून दिलं. त्यांना वाटलं असेल, लोक हौसेनं दाबतील. ही गल्ली त्यांनी पाहिली नव्हती.

इनोयतला तरी खरबुजांची कुठं हौस होती? तिला हवं होतं एकच झाड. बागेच्या कोपऱ्यातलं जर्दाळूचं.

ते झाड लेकीनं लावलं होतं. निगोरा, एकुलती एक. कोरियन भाषा शिकली, परीक्षा पास झाली आणि ऑक्टोबरात दोन वर्षांसाठी कोरियाला गेली, मोठ्या कंपनीच्या ऑफिसात दुभाषी म्हणून. सव्वीस वर्षांची बिनलग्नाची पोर एकटी परदेशी निघाली म्हटल्यावर गल्लीत कुजबुज व्हायचीच. ती इनोयतनं 'ऑफिस' या एका शब्दात बंद पाडली. त्या ऑफिसला काचेच्या भिंती आहेत, हे तिनं स्वतःच्या पदरचं घातलं.

जायच्या आदल्या दिवशी निगोरानं आईच्या मोबाइलवर तो गेम टाकून दिला. "हे बघ आई, यात आपल्या झाडाला आपण पाणी घालू शकत नाही. दुसऱ्यानंच येऊन घालायचं, रोज एकदा. तीन दिवस कुणी आलं नाही तर झाड वाळतं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन घालीन. पाणी दिसलं की समजायचं, पोर बरी आहे. सारखा फोन नको करू. ऑफिसात चालत नाही."

आणि ती शब्दाला जागली. रोज सकाळी साडेआठला, तिकडच्या दुपारी, मोबाइलवर लाल रुमालातली एक बोटभर बाहुली झारी घेऊन यायची, झाडाला पाणी घालायची, हात हलवायची आणि जायची. इनोयतही हात हलवायची. खिडकीतल्या मोबाइलसमोर उभी राहून, खरोखरीचा हात. एर्गाश-अका बघत नसल्यासारखं दाखवायचे, पण त्यांचा दुसरा चहा बरोबर साडेआठलाच लागायचा. बायकोला ते आजही तिथल्या रीतीप्रमाणे लेकीच्या नावानं हाक मारायचे. पूर्वी "निगोरा" म्हटलं की घरात दोन ठिकाणांहून ओ यायची. आता एकीकडून यायची, आणि तीही जरा उशिरानं.

तर एवढ्यावर भागलं असतं. पण महिनाभरानं गेमनं नवा नियम काढला. बारा शेजारी नसतील तर बागेचं कुंपण पडेल, आणि कुंपण पडलं की बकऱ्या आत शिरून झाडं खातील. इनोयतनं वाचलं आणि डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडली. हातात गरम नानचं ताट, तोंडात एकच विनवणी: "जरा मोबाइल दे, एक गंमत टाकून देते." नान हातात घेतल्यावर नाही म्हणता येत नाही. संध्याकाळपर्यंत होसियत आली, तिची सून आली, शिवणकाम करणारी बार्नो आली. बारा शेजारी झाले. कुंपण उभं राहिलं.

पहिला महिना मजेत गेला. बायका एकमेकींच्या बागेत जायच्या, पाणी घालायच्या, गाजरं धाडायच्या. मग पाचाची सात झाली आणि सातांची नऊ. आणि मग फेब्रुवारीत होसियतनं एकदम बकरी पाठवली.

बकरी दर अर्ध्या तासानं ओरडायची. मोबाइल बंद ठेवायची सोय नव्हती, निगोरा येऊन गेली तर कळणार कसं? इनोयत तंदूरपाशी असताना एर्गाश-अका जरा लवंडले की मोबाइलमधून "बें". ते उठायचे, पुन्हा पडायचे, पुन्हा "बें". तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा लावला, बकरीवर बोट ठेवलं आणि जे बटण वर आलं ते दाबलं. बकरी गप्प झाली. ते झोपले.

दहा मिनिटांत होसियत फाटकात. आत यायला तयार नाही. गल्लीत माणूस फाटकाशी उभा राहिला आणि आत आला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"ओपा, बकरी आवडली नव्हती तर तसं सांगायचंत."

"न आवडायला काय झालं? गोड आहे गं ती."

"मग विकलीत कशाला? मला चिठ्ठी आली. 'इनोयतनं तुमची भेट विकली.' माझ्या सुनेलाही आली. बार्नोलाही आली." होसियतचा आवाज चिरकला. "आणि विकली ती विकली, इतक्या स्वस्तात?"

इनोयतनं मागं वळून पाहिलं. एर्गाश-अका भिंतीकडे तोंड करून झोपले होते, जरा जास्तच गाढ.

दुसऱ्या दिवशी बासष्ट वर्षांचा तो माणूस नवा कोट घालून, हलव्याचं ताट घेऊन होसियतच्या नवऱ्याकडे माफी मागायला गेला. मामूर-अकांनी त्याला मानाच्या जागी बसवलं, चहा ओतला.

"माझ्या हातून तुमची बकरी विकली गेली."

"आमच्याकडे बकरी कुठंय?"

"नाहीच आहे. तीच विकली गेली."

मामूर-अकांनी त्याचा पेला पुन्हा भरला. "एर्गाश," ते हळूच म्हणाले, "माझ्या घरी आठवडाभर दुपारचं जेवण करपतंय. तुझ्या घरी?"

"माझ्याकडे होतच नाही."

दोघांनी हलवा खाल्ला. पुरुषांमध्ये ते तिथंच मिटलं. बायकांमध्ये मिटेना. बकरीची भरपाई म्हणून इनोयतनं होसियतला दोन गायी पाठवल्या. त्यासाठी तिला चार दिवस सकाळ-संध्याकाळ गेममधली गाजरं उपटावी लागली, बोटं आखडली. पण तो मेला गेम कुणी कुणाला काय दिलं ते सगळ्यांना दाखवायचा. बार्नोनं पाहिलं. होसियतला गायी आणि आपल्याला गाजरं? ती वर काही बोलली नाही, नुसतं "आपण काय, गरीब माणसं" असं म्हणाली. हे ऐकल्यावर इनोयतला रात्रभर झोप लागली नाही. मग बार्नोला गाय, तिच्या बहिणीला गाय, आणि या सगळ्यांकडून परत काहीतरी मोठं.

बारा बायका गुरासारख्या राबायला लागल्या. होसियतची सून न्हाणीघरात दडून गाजरं उपटायची, कारण उपटली नाहीत तर सासू बोलायची आणि उपटताना दिसली तरी सासूच बोलायची. बार्नोनं एका नवरीच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्या बसवल्या. एकीलाही मजा येत नव्हती. पण सोडायचं कसं? सोडणं म्हणजे शेजारणीच्या तोंडावर दार लावणं. प्रत्येकीला वाटत होतं की बाकी अकराजणी आनंदात आहेत.

इनोयतला हे कळत नव्हतं असं नाही. बायका हल्ली तिला पाहून गल्लीच्या पलीकडच्या कडेनं चालायच्या. पण साडेआठ वाजले की ती लाल रुमालातली बाहुली यायची, आणि मग तिला बाकी कशाचंच काही वाटायचं नाही.

नवरोजला नेहमीप्रमाणे गल्लीचं सुमालक एर्गाश-अकांच्या अंगणात शिजायला घातलं. अंकुरलेल्या गव्हाचा रस, मोठी कढई, दिवसभर आणि रात्रभर ढवळणं. हात थांबला की खाली लागलंच. रात्र नीट पार पडली. सकाळी आठला इनोयतनं डाव हातात घेतला. रंग छान उतरला होता, गुळासारखा, आणि तासाभरात ते चुलीवरून उतरायचं होतं. भोवती अकराजणी बसल्या होत्या, मांडीवर मोबाइल. गेममध्ये सणाच्या टोपल्या वाटणं चाललं होतं, आणि मागं कुणालाच पडायचं नव्हतं.

साडेआठ झाले. खिडकीत बाहुली आली. इनोयतनं हात हलवला. त्या दिवशी सण होता म्हणून बाहुलीनं पाणी घातल्यावर एक गिरकी घेतली, नाच केला. इनोयत बघत राहिली. पोरगी लहान असताना नवरोजला अशीच याच अंगणात नाचायची. तिनं डोळे पुसले. आणि मग तिला वास आला.

सगळ्यांनाच आला. बारा बायका कढईभोवती उभ्या राहिल्या आणि खाली बघत राहिल्या. गल्लीचे प्रमुख सोतवोल्दी-अका आले, त्यांनी एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला.

"यंदा धूर बरा मुरलाय," ते म्हणाले.

वाडगे तरीही भरले, घरोघरी गेले. त्या दिवशी मर्गिलानच्या इतिहासात प्रथमच वाडगे वेळेवर परत आले नाहीत. लोकांना त्यात काय घालून द्यावं हेच सुचत नव्हतं.

त्यानंतरच्या पंधरवड्यात त्या गल्लीतले मोबाइल फार मोठ्या संख्येनं पाण्यात पडले. होसियतचा बादलीत पडला. तिच्या सुनेचा कालव्यात पडला. बार्नोचा चहाच्या किटलीत पडला, असं ती म्हणाली, आणि तो कसा मावला हे कुणी विचारलं नाही. पाण्यातून काढल्यावर सगळ्यांचे मोबाइल छान चालत होते. फक्त त्यातला तो गेम तेवढा वाहून गेला होता.

"ओपा, वाईट वाटून घेऊ नका," होसियत म्हणाली.

"छे गं. पाणी म्हटल्यावर काय इलाज."

आणि दोघी आपापल्या घरात गेल्या. होसियतच्या घरी त्या दुपारी कित्येक दिवसांनी न करपलेल्या पुलावाचा वास सुटला. इनोयत खिडकीशी बसून एकेकीची बाग पिवळी पडताना बघत राहिली. बाराच्या चार झाल्या, चाराची एक. कुंपण पडलं. बकऱ्या आल्या, त्यांनी खरबुजं खाल्ली, गाजरं खाल्ली. जर्दाळूला तेवढं तोंड लावलं नाही, कारण त्याला अजून रोज पाणी मिळत होतं.

आता शेजारीण म्हणून उरली एकटी निगोरा. मग बाराजणींना द्यायचं ते सगळं इनोयत तिलाच द्यायला लागली. सकाळी वीस खरबुजं, दुपारी दोन गायी, संध्याकाळी गाडीभर गाजरं. लेक म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा? एवढ्या लांब आहे. पोटात नाही, निदान मोबाइलमध्ये तरी आईच्या हातचं काही जाऊ दे.

"पोरीला कामात त्रास होत असेल," एर्गाश-अका एकदा म्हणाले.

"भेटीचा कुणाला त्रास होतो का?"

त्यांनी चहा ओतून घेतला. कोट घालून हलवा घेऊन जायची पाळी आपल्यावर कशी आली, एवढं त्यांना आठवलं असावं.

एप्रिलच्या एका सोमवारी बाहुली आली नाही. इनोयत नऊपर्यंत उभी राहिली, मग दहापर्यंत. मंगळवारी आली नाही. तिनं साठ खरबुजं पाठवली. बुधवारी झाडाची पानं टोकाशी करपली आणि मोबाइलनं एक दुःखी सूर वाजवला. एर्गाश-अकांचा दुसरा चहा तसाच निवला. गुरुवारी सकाळी कोपऱ्यात नुसतं एक करड्या रंगाचं खोड होतं.

ऑफिसात चालत नाही हे माहीत असूनही तिनं साडेआठला फोन लावला. सहा वेळा वाजला. मग मागं कसलातरी मोठा पंखा घरघरला आणि लेकीचा आवाज आला.

"हं, आई."

"निगोरा, बाळा, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"जर्दाळू वाळलं गं. मला वाटलं, काय झालं पोरीला."

पलीकडे पंखा घरघरत राहिला.

"मोबाइल पाण्यात पडला का?" इनोयतनं स्वतःच विचारलं. एवढी वाट तरी पोरीला मोकळी ठेवावी, असं तिला वाटलं.

"नाही आई. मी तो गेम काढून टाकला. रविवारी."

"माझं काही चुकलं का? जास्त पाठवत होते का मी?"

"दिवसाला शंभर चिठ्ठ्या येतात. 'इनोयत तुमची वाट बघतेय.' 'इनोयत उदास आहे.' 'इनोयतला विसरलात का?' "

"मी असं काही लिहिलं नाही गं."

"माहीत आहे. तो गेमच लिहितो. पण नाव तुझं असतं ना. मग न बघून कसं चालेल? आधी तुझी गाजरं आवरायची, मग गायींना चारा, मग झाडाला पाणी." ती थांबली. "आई, मी दिवसभर तेच करते."

"काय करतेस?"

"पाणी घालते. पानं खुडते, फळं तोडते, खोकी भरते. सकाळी सहापासून. स्ट्रॉबेरी. प्लास्टिकच्या मांडवात. जेवायला बसलं की पुन्हा मोबाइलमध्ये तेच. रविवारी मला बोटच उचलवेना गं. खरंच उचलवेना."

इनोयत पाटावर बसली. "आणि ऑफिस?"

"आहे ना. मालकाचं आहे, मांडवाच्या कडेला. मी तिथं दोन आठवडे होते. मग म्हणाले, दुभाष्याची गरज नाही, हातांची आहे." मग ती घाईनं म्हणाली, "अब्बूंना सांगू नको. गल्लीत तर मुळीच नको."

अब्बू दारातच उभे होते. त्यांना पंख्याच्या घरघरीतूनही सगळं ऐकू आलं होतं. इनोयतला गेले सहा महिने आठवले, काचेच्या भिंती आठवल्या. तिला स्वतःची लाज वाटली आणि पोरीची फार दया आली. रागवावं असं काही तिच्या मनात आलंच नाही.

"वाकावं लागतं?" तिनं विचारलं.

"हो."

"पाठ?"

"सवय झाली आता."

"गोड असतात का?"

"काय?"

"ती फळं."

"वास छान येतो. खायला परवानगी नाही."

इनोयतनं डोक्याच्या रुमालाच्या टोकानं तोंड दाबून धरलं, आवाज जाऊ नये म्हणून. मग म्हणाली, "सुट्टी किती राहिली तुझी?"

"वीस मिनिटं."

"जेवलीस?"

"अजून नाही. तुझा फोन आला."

"मग जेव. फोन ठेवू नको, बोलू पण नको. बाजूला ठेवून दे आणि जेव. मी आहे इथं."

पलीकडे डब्याचं झाकण उघडलं. चमचा वाजला. पंखा घरघरत होता, लांबून कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, आणि मधूनमधून पोर घास गिळत होती. इनोयतनं मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. एर्गाश-अका जवळ आले, तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं.

तिनं हात वर केला.

"हळू," ती म्हणाली. "लेक जेवतेय."